आखूड गवती पट्टी, छोटं विमान आणि पलीकडचं कुंपण

पतंगवेडा
सध्या छोट्या विमानांच्या अपघातांचे अहवाल वाचायचं व्यसन लागलंय. मी विमान उडवत नाही, उडवायचा विचारही नाही, नुसता वाचक. पण एकाच साच्याचा अहवाल पुन्हा पुन्हा समोर येतो. दोन किंवा चार आसनांचं विमान, चारपाचशे मीटरची गवती धावपट्टी, हवा स्वच्छ, इंजिन ठणठणीत, वैमानिक मुरलेला. आणि विमान पट्टीच्या पलीकडच्या कुंपणात. पुढचं चाक मोडलेलं, प्रॉपची (पुढच्या पंख्याची) पाती वाकलेली, आतली माणसं दार उघडून आपल्या पायांनी बाहेर.

ही विमानं टेकतात तेव्हा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर असतो. त्या वेगातली मोटार कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबला की पन्नास मीटरच्या आसपास थांबते. मग विमानाला चारशे मीटर का पुरू नयेत? दोष गवताचा, लांबीचा की माणसाचा? आणि जमत नाहीये असं दिसल्यावर ही मंडळी पुन्हा वर का जात नाहीत, हे तर मला अजिबात उमगलेलं नाही.

माझं मत: दोष माणसाचा, गवत उगाच बदनाम. जाणकारांनी पिसं काढावीत.

दक्षिणवारा
गवत बदनाम नाही हो, गवत दोषीच आहे. निदान सहआरोपी तरी.

ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने छोट्या विमानांसाठी गुणक दिलेले आहेत. विमानाच्या हँडबुकातलं उतरण्याचं अंतर घ्यायचं आणि कोरड्या गवताला १.१५ ने, ओल्या गवताला १.३५ ने गुणायचं. गवत अगदी बारीक कापलेलं आणि ओलं असेल तर १.६ पर्यंत. शिवाय २ टक्के उतार असेल तर आणखी १.१, आणि उतरण्याच्या वेगाच्या १० टक्के एवढा वारा पाठीमागून असेल तर १.२. हे सगळे एकमेकांत गुणायचे, बेरीज नाही. लोक तिथेच फसतात. शेवटी सुरक्षेसाठी १.४३.

सेसना १७२ एस हे चार आसनांचं विमान समुद्रसपाटीला, साधारण १५ अंश तापमानात, वारा नसताना, ५० फुटांचा अडथळा ओलांडून थांबायला सुमारे १,३३५ फूट घेते, म्हणजे ४०० मीटरच्या किंचित वर. ओलं गवत आणि २ टक्के उतार धरला की ६०० मीटर झाले. सुरक्षेचा गुणक लावला की साडेआठशेच्या पुढे. आता तुमची 'चारपाचशे मीटरची पट्टी' परत बघा.

खट्याळ_कोल्हा
म्हणजे पट्टी आखूड नाही, गणित लांब आहे. (दिवे घ्या.)

शेपूटचाक
दक्षिणवारा, आकडे बरोबर, पण निदान अर्धवट वाटतं. हँडबुकातले ४०० मीटर कधी मिळतात? १,३३५ फुटांचा आकडा ज्या पद्धतीसाठी आहे तिच्यात पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) टाकून ६१ नॉटने (ताशी सुमारे ११३ किलोमीटर) यायचं असतं. आता मोठ्या डांबरी पट्टीवर वाढलेला वैमानिक घ्या. तिथे १० नॉट जास्त असले तरी काही बिघडत नाही, पट्टी संपतच नाही. तीच सवय घेऊन तो आखूड पट्टीवर ७१ ने येतो. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा वाढते, त्यामुळे १० नॉट जास्त म्हणजे ऊर्जा सुमारे ३५ टक्के जास्त. ओल्या गवताचा गुणकही १.३५ च आहे, म्हणजे या पठ्ठ्याने कोरड्या पट्टीवरच ओलं गवत स्वतःबरोबर आणलं.

वर ही जादाची ऊर्जा ब्रेकने जात नाही, हवेतच जाते. जमिनीपासून पंखाच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत आलात की ग्राउंड इफेक्टमुळे ओढ कमी होते, विमान तरंगत राहतं आणि खालून पट्टी सरकत राहते. चाकं टेकलेलीच नाहीत तर ब्रेक कुठले लावणार? धागाकर्त्याच्या मोटारीच्या हिशोबातली गफलत इथे आहे. मोटार पहिल्या मीटरपासून जमिनीवर असते.

अभ्रिका
शेपूटचाक यांना अनुमोदन. मी शिकवते, त्यामुळे हे तरंगणं उजव्या खुर्चीतून भरपूर पाहिलंय. वेगासोबत उंचीही जोडा. ३ अंशांच्या उतरणीवर पट्टीच्या सुरुवातीला १० फूट उंच असलात तर टेकण्याची जागा जवळजवळ ६० मीटर पुढे जाते. १० फूट म्हणजे किती? फायनलवर (पट्टीच्या रेषेत येतानाच्या शेवटच्या टप्प्यात) डोळ्यांना कळतसुद्धा नाही.

आणि मग तरंगत असताना घाबरून नाक खाली ढकलायचं. 'टेकव एकदाचं!' मुख्य चाकांआधी पुढचं चाक टेकतं, विमान उसळतं, परत ढकलतात, परत उसळतं. दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला पुढच्या चाकाचा पाय जातो. पुष्कळ अहवालांत 'धावपट्टीच्या पलीकडे' असं काही नसतंच, विमान पट्टीच्या मधोमध नाक टेकून बसलेलं असतं.

पाना_पक्कड
उसळीची बिलं आमच्याकडे येतात, म्हणून बोलतो. मी हँगरवाला.

बघणाऱ्याला वाटतं एक चाक मोडलं, बदला आणि उडा. तसं नसतं. पुढच्या चाकाचा पाय ज्या फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीला) जोडलेला असतो तिला सुरकुत्या पडतात. त्या बाहेरून दिसत नाहीत, काऊलिंग (इंजिनावरचं आवरण) काढून टॉर्च मारली की दिसतात. प्रॉप जमिनीला लागला की इंजिनाला आतून झटका बसलेला असतो. क्रँकशाफ्ट, मागचे गिअर, सगळं उघडून तपासायचं. लायकमिंग या इंजिन कंपनीचं यावर सर्व्हिस बुलेटिनच आहे, ५३३ नंबरचं. इंजिन बंद होतं, नुसतं पातं गवताला घासलं, असं सांगत लोक येतात. तरी बघावंच लागतं. कमी वेगाच्या किरकोळ वाटणाऱ्या अपघातात जुनं विमान थेट भंगारात जातं ते यामुळे. माणसाला खरचटलेलंही नसतं आणि विमा कंपनी विमान निकालात काढते.

गवताचा खरा त्रास विचाराल तर घसरण नाही, खड्डे. आधीच्या कुठल्या तरी ट्रॅक्टरने ओल्यात पाडलेली चाकोरी उन्हात वाळून टणक होते, वर गवत वाढतं, आणि पुढचं छोटं चाक नेमकं तिच्यात जातं. चाकावर कव्हर असेल तर ते चिखल-गवताने ठासून भरतं आणि चाक फिरायचंच थांबतं. ओल्या मोसमात कव्हरं काढून ठेवा म्हणून सांगतो. ऐकत नाहीत, विमान बोडकं दिसतं म्हणे.

ढगातला_बबन
मी सिम्युलेटरवर साडेतीनशे मीटरच्या गवतावर रोज उतरवतो. त्यात अवघड काय आहे समजत नाही. पहिल्या तृतीयांशात टेकवायचं, ब्रेक मारायचा, संपलं.

खट्याळ_कोल्हा
बबनराव, तुमच्या गवताला दव पडतं का?

ढगातला_बबन
हवामान 'क्लिअर' ठेवतो.

हिरवळ
रोमातून (नुसतं वाचण्यातून) बाहेर यावं लागलं. विमानातलं मला काही कळत नाही, पण मैदानं आणि माती हा माझा पोटापाण्याचा विषय आहे. पाऊस पडला नाही म्हणजे गवत कोरडं, असं नसतं. पहाटेचं दव सावलीच्या बाजूला उशिरापर्यंत टिकतं, म्हणजे त्याच पट्टीचा एक भाग कोरडा आणि झाडांकडचा भाग ओला असू शकतो. पाऊस थांबून ऊन पडलं की वरचा थर सुकतो, खाली मात्र पाणी मुरलेलं असतं. पायाखाली टणक, वजनाखाली मऊ.

बारीक कापलेलं ओलं गवत जास्त घसरतं हे वाचून आधी नवल वाटलं, मग पटलं. उंच गवताच्या काड्या चाकाला निदान अडवतात तरी. ओल्या बुटक्या गवतावर चाक आणि माती यांच्यामध्ये चिरडलेल्या पात्यांचा ओला थर तेवढा उरतो.

बाकी घुशी, उंदीर, वाळवी. उंच गवतात यांचं काही दिसत नाही. पट्टी चालून बघितल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नये, मग ती विमानाची असो की धावण्याची.

दक्षिणवारा
हिरवळ, सुंदर प्रतिसाद. उंच गवताची गोची अशी, की उतरताना ते मदत करतं आणि उडताना पाय धरतं. म्हणून आरामात उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी निघताना अडकतो. 'उतरलो म्हणजे उडेन' हे गृहीतक आखूड पट्टीवर फार महाग पडतं.

मोजपट्टी
एक शंका. वर कोरड्या गवताला १.१५ म्हणजे १५ टक्के लिहिलंय. सेसनाच्या हँडबुकात मात्र उतरताना कोरड्या गवतासाठी ४५ टक्के वाढवा असं आहे. तिपटीचा फरक? एक कोणीतरी थापा मारतंय.

दक्षिणवारा
कोणीच मारत नाहीये, पाया वेगळा आहे. ४५ टक्के हे फक्त जमिनीवरच्या धावेचे आहेत. १७२ एसची धाव साधारण ५७५ फूट, तिचे ४५ टक्के म्हणजे २६० च्या जवळ. ब्रिटिश १५ टक्के हे ५० फुटांपासूनच्या पूर्ण अंतराचे. १,३३५ चे १५ टक्के म्हणजे २००. बऱ्यापैकी जुळतंय की.

मोजपट्टी
पटलं. पण ४५ टक्के पूर्ण अंतराला किंवा १५ टक्के धावेला लावणारे महाभाग असतीलच. पहिला फार घाबरेल, दुसरा अजिबात घाबरणार नाही.

आता माझ्या क्षेत्रातलं थोडं (बांधकाम, रस्ते). पट्टीची लांबी म्हणजे काय, हेच कित्येकदा धड ठरलेलं नसतं. कुंपणापासून कुंपणापर्यंत ५०० मीटर म्हणून कागदावर ५००. पण अलीकडच्या टोकाला १५ मीटर उंच झाडं असतील तर ३ अंशांनी येणारं विमान त्यांच्या शेंड्यावरून जमिनीवर पोचेपर्यंत २९० मीटर खातं. मग ५०० मधले उरले किती? उतरण जास्त तिरकी केली तर अंतर वाचतं, पण फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलून उतरण मंदावण्याला) काम वाढतं, हे तुम्ही लोक जास्त चांगलं सांगाल.

अभ्रिका
अगदी. ५ अंशांनी आलात तर तेच अंतर पावणेदोनशे मीटरवर येतं. पण मग खाली येण्याचा दर जास्त असतो आणि फ्लेअर उशिरा झाला तर चाकं जमिनीत रुतवूनच थांबता.

लांबीइतकीच रुंदीही फसवते. ३० ते ४५ मीटर रुंदीच्या डांबरी पट्ट्या बघून तयार झालेल्या डोळ्यांना २० मीटरची गवती पट्टी दिसली की 'मी अजून खूप उंच आहे' असं वाटतं, आणि माणूस नकळत खालून येतो. समोर चढ असेल तरी तेच, उंच असल्यासारखं वाटतं आणि विमान खाली जातं. उताराकडे उतरताना उलटं. दोन्ही एकत्र आले, म्हणजे अरुंद आणि चढती पट्टी, की झाडांच्या शेंड्यांना चाकं लागतात. हे अपघात कुंपणातल्यांपेक्षा कमी, पण वाईट.

ढगातला_बबन
चढावरून आठवलं, नेपाळचं लुक्ला! ५२७ मीटर आणि जवळजवळ १२ टक्के चढ. तिथे तर रोज उतरतात.

मोजपट्टी
उतरतात, पण ती २००१ पासून डांबरी आहे. उतरायचं चढावर, उडायचं उतारावर, दुसरा पर्याय नाही. समोर डोंगर, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात गो-अराउंडही (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) नाही. उदाहरण म्हणून फार भारी, पण हौशी वैमानिकाने त्यावरून आपल्या गावठी पट्टीचा अंदाज बांधू नये.

चाकबंद
मी ग्लायडरवाला. आमच्याकडे गो-अराउंड ही चीजच नाही, इंजिनच नाही तर जाणार कुठे? कदाचित म्हणूनच टेकायची जागा आधी ठरवून त्याच जागेवर टेकायची शिस्त आमच्या हाडात भिनते. एअरब्रेक हातात असतात, उतरणीचा कोन हवा तसा बदलतो. अनोळखी शेतात उतरायची वेळ आली तर वरूनच बघतो: उतार, वाऱ्याची दिशा, विजेच्या तारा, जनावरं, पीक किती उंच. इंजिनवाल्यांच्या डोक्यात कुठेतरी 'नाही जमलं तर परत येऊ' असतं आणि त्यामुळे पहिला प्रयत्न ढिला होतो, असं आपलं माझं मत. मारा आता.

शेपूटचाक
मारतोच. अहो, प्रयत्न ढिला होतो आणि वर परतही जात नाहीत, दोन्ही वाईट एकदमच. गो-अराउंडची सवय असलेला वैमानिक तरी वाचतो. जरा कुठे बिनसलं की पॉवर द्या आणि निघा. कधीही, कुठूनही. आम्हाला हेच शिकवलं आणि मी हेच मानतो.

अभ्रिका
'कधीही, कुठूनही' याला मात्र माझा ठाम विरोध. आणि इथेच धागाकर्त्याच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

फायनलवर, शंभर फुटांवर, अगदी फ्लेअरच्या सुरुवातीलाही गो-अराउंड हा स्वस्त पर्याय आहे. पण विमान पट्टीचा अर्धा भाग तरंगत गेलंय, फ्लॅप पूर्ण खाली, वेग स्टॉलच्या (पंखांची उचल तुटण्याच्या) जवळ आलेला, समोर झाडं. या क्षणी पॉवर दिली की काय होतं? उतरताना ट्रिम (नाक ठरावीक कोनात राखणारी मांडणी) नाक वर ठेवेल अशी लावलेली असते, त्यामुळे पूर्ण पॉवरला नाक आपोआप वर उठतं. ते जोराने दाबून धरावं लागतं, आणि झाडं दिसत असताना हात नेमकं उलटं करतो. विमान डावीकडे वळू बघतं, रडर (शेपटीवरचं सुकाणू) हवा. पूर्ण फ्लॅपची ओढ इतकी, की चढण जेमतेम. जुन्या १७२ ना ४० अंश फ्लॅप असायचे, ते पूर्ण खाली ठेवून चढायचं म्हणजे परीक्षाच. घाईत फ्लॅप एकदम वर घेतले तर विमान बसतं. कार्ब्युरेटर हीट (बर्फ साचू नये म्हणून सोडलेली गरम हवा) लावलेली राहिली तर पॉवर थोडी कमीच. इतकं सगळं चारपाच सेकंदांत. याचा शेवट झाडांच्या उंचीवर स्टॉल, एक पंख खाली. त्यातून कोणी दार उघडून चालत येत नाही.

याउलट टेकलेलं, ब्रेक लागलेलं विमान कुंपणाला २० नॉटने धडकलं तर ऊर्जा ६० नॉटच्या एक नवमांश. पट्टे बांधलेले असतील तर माणसं चालत येतात. तुमच्या अहवालांतली माणसं पायांनी बाहेर येतात ती यामुळेच. एका हद्दीनंतर कुंपण हा बरा पर्याय असतो.

त्यामुळे मी विद्यार्थ्यांना पट्टीच्या कडेची एखादी खूण आधीच ठरवायला लावते. झुडूप, पांढरा दगड, काहीही. तिथपर्यंत चाकं जमिनीवर नाहीत, तर वर. वाद नाही. चाकं टेकली, ब्रेक लागले आणि खूण मागे गेली, तर मग खालीच राहायचं, काहीही होवो. मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण) बंद, मॅग्नेटो (इंजिनाची ठिणगी) बंद, इंधन बंद, आणि विमान मोकळ्या जागेकडे वळवायचं. दोन झाडांच्या मधून घालायची वेळ आली तर पंख जाऊ देत, बसायची जागा वाचली पाहिजे.

शेपूटचाक
अभ्रिकाताई, तुमच्या खुणेला माझी हरकत नाही. 'कधीही' मागे घेत नाही, पण 'खुणेआधी कधीही' असं करतो. मात्र एक सांगा: खूण मागे गेली, ब्रेक लागलेत, पण ओल्या गवतावर चाकं नुसती घसरताहेत, वेग कमीच होत नाहीये. तिथे काय?

अभ्रिका
तिथे ब्रेक सोडून परत हळू दाबायचे. छोट्या विमानांना साधारणपणे एबीएस नसतं आणि अडकलेलं चाक फिरत्या चाकापेक्षा कमी थांबवतं, शिवाय वळवताही येत नाही. योक (विमानाचं स्टिअरिंग) पूर्ण मागे. त्याने पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि मुख्य चाकांवर येतो.

मोजपट्टी
घसरण्यावरून: पाण्यावरून टायर तरंगायला लागण्याचं एक सूत्र आहे ना? टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये. ३० पीएसआयला ४९ नॉट. म्हणजे बरोबर टेकण्याचाच वेग!

पाना_पक्कड
ते डांबरावर साचलेल्या पाण्यासाठी. गवतावर ते सूत्र चालवू नका, तिथे कमी वेगातही घसरतं. टायरमध्ये हवा किती आहे ते मात्र बघत चला. निम्म्या लोकांचा गेज धूळ खात पडलेला असतो.

पतंगवेडा
टेकल्याबरोबर फ्लॅप वर घ्यायचे, म्हणजे पंखांची उचल जाते आणि वजन चाकांवर येतं, असं कुठेतरी वाचलं. मग सगळे तसंच का करत नाहीत?

पाना_पक्कड
कारण काही विमानांत फ्लॅपच्या लिव्हरच्या शेजारी चाकं आत घ्यायची लिव्हर असते. पुढचं तुम्हीच समजून घ्या. एकदा असंच एक विमान आणलं होतं आमच्याकडे, पोटावर बसलेलं. टेकणं इतकं छान झालं होतं म्हणे, की प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या चालू असतानाच खाली बसलं.

खट्याळ_कोल्हा
टाळ्या आवरत्या घ्यायला हव्या होत्या.

शेपूटचाक
चाकं कायम बाहेर असलेल्या विमानात फ्लॅप वर घेतल्याने फायदा होतो, हे खरं. पण त्या दोन सेकंदांत नजर आत जाते आणि टेलव्हीलवाल्याला (ज्याच्या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली असतं त्याला) ती दोन सेकंदं परवडत नाहीत. आमचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. शेपूट जरा बाजूला गेली की ती पुढेच यायला बघते, विमान गर्रकन फिरतं, बाहेरच्या बाजूचं चाक मोडतं, पंख जमिनीला. बाकी गवताच्या बाजूनेही एक सांगायला हवं, कोणीच सांगितलं नाही म्हणून: टेलव्हीलला गवत आवडतं. थोडं तिरकं टेकलं तर डांबर टायरला पकडतं, गवत सरकू देतं. विमानांच्या पहिल्या तीनचार दशकांत बहुतेक विमानतळ म्हणजे मोकळी गवती मैदानंच होती. पट्टी आखलेली नसायची, वारा असेल त्या दिशेला तोंड करून उतरा. क्रॉसविंड (आडवा वारा) ही भानगडच कमी. एकच एक दिशा आपण नंतर आखून घेतली आणि आखूड गवतावर तीच गळ्यात आली.

खट्याळ_कोल्हा
आणि गायी? गायींबद्दल कोणी बोलतच नाहीये.

चाकबंद
गायींबद्दल मी बोलतो. ग्लायडरवाल्यांत गायी असलेलं शेत टाळा असं सांगतात. उतरताना त्या बाजूला होतीलही, पण नंतर विमान चाटायला येतात. कापडी पृष्ठभाग असेल तर संपलंच. मेंढ्या त्या मानाने सभ्य, पण कळपाने धावतात आणि कुठे धावतील ते त्यांनाही ठाऊक नसतं.

ढगातला_बबन
सिम्युलेटरमध्ये गायी टाकायची सोय शोधतो आता.

पतंगवेडा
सगळ्यांचे आभार. हे सगळं वाचून एक जुना अहवाल परत उघडला. आधी वाचला तेव्हा माझ्या डोक्यात 'वैमानिक वेळेत थांबू शकला नाही' एवढंच राहिलं होतं. आता दिसतंय ते असं: सकाळची वेळ, गवत दवाने ओलं, पाठीमागून साधारण ५ नॉट वारा, टेकण्याची जागा पट्टीच्या मध्यापलीकडे. तुमच्या गुणकांनी मांडलं तर निम्म्या वाटेतच उत्तर आलं.

पण पाठीमागून वारा असताना तो त्या दिशेने उतरलाच का? दुसऱ्या बाजूनेही उतरता आलं असतं. ५ नॉट म्हणजे झुळूक, पण एवढ्याने इतकं होतं?

दक्षिणवारा
होतं. सेसनाच्या हँडबुकात समोरचा वारा असेल तर दर ९ नॉटला अंतर १० टक्के कमी. पाठीमागून असेल तर दर २ नॉटला १० टक्के जास्त. वारा तोच, फक्त बाजू बदलली की हिशोब चौपटीहून जास्त उलटतो. ५ नॉटला २५ टक्के.

त्या दिशेने का उतरला याला रोजची, बिनमहत्त्वाची कारणं असतात. येतानाच्या वाटेवर तेच टोक आधी लागतं. हँगर पलीकडच्या टोकाला आहे. उलट बाजूने यायचं तर सकाळचं ऊन डोळ्यांत. किंवा एका बाजूला चढ आहे आणि चढावर उतरायचं असं पक्कं डोक्यात. २ टक्के चढासाठी ५ नॉटचा पाठीमागचा वारा पत्करणं हा तोट्याचा सौदा आहे. चढ चांगला तीव्र असेल तर गोष्ट वेगळी.

अभ्रिका
आणि पाठीमागच्या वाऱ्यात जमीन भराभर सरकताना दिसते, वेग जास्त आहे असं वाटतं, माणूस नाक वर घेतो. काटा काय दाखवतोय ते बघतच नाही. हा त्यातला जीवघेणा प्रकार. नुसतं तरंगून कुंपणात गेला तो नशीबवान.

चाकबंद
बऱ्याचदा वारा पाठीमागून आहे हे माहीतच नसतं. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) झाडांच्या आडोशाला असेल तर तो मलूल लोंबतो आणि वर, झाडांच्या शेंड्यांवर, वारा चांगला वाहत असतो. समोरून वारा असतानाही हीच झाडं त्रास देतात: शेंड्यांच्या खाली आलात की समोरचा वारा एकदम गायब, वेग पडतो, विमान बसतं. पट्टीला दोन्ही टोकांना, मोकळ्यावर, एकेक विंडसॉक हवा. एकावर भागवतात.

हिरवळ
गवत कुठल्या दिशेला झुकलंय यावरून वारा कळतो ना? वरून दिसत असेल.

चाकबंद
उंच असेल तर छान दिसतो, लाटा जातात त्यावरून. पट्टीवरचं कापलेलं असतं, म्हणून शेजारच्या शेतात बघायचं. धूर असेल तर सगळ्यात उत्तम. तळं असेल तर त्याचा ज्या काठाला पाणी शांत, तिकडून वारा.

पतंगवेडा
त्या अहवालात विंडसॉकचा उल्लेख आहे, 'स्थिर होता' एवढाच. कुठे लावलेला होता ते लिहिलेलं नाही. परिशिष्टात पट्टीचा नकाशा आहे, त्यात झाडं दाखवली आहेत. बघून सांगतो.